हळू पावलाच्या चालीनं चला

नव्या जोडीदाराबरोबर पहिल्यांदाच प्राइडला, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या अभिमान मोर्चाला, जाणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. दोघांपैकी ज्याची तयारी कमी आहे, त्याच्या चालीनं चला. ज्याच्या घरी अजून काही माहीत नाही, गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला तर ज्याच्या पोटात गोळा येतो, त्यानं आखलेली मर्यादा हीच त्या दिवसापुरती जोडीची मर्यादा. कपडे कोणते, फलकावर काय लिहायचं, नाचायचं की नुसतं चालायचं, हे सगळं त्यानंतर.

मी हे आग्रहानं सांगतो, कारण प्राइडमध्ये अशी एखादी जोडी दिसतेच. एकजण पुढे, हात उंचावून घोषणा देणारा. दुसरा दोन पावलं मागे, टोपी डोळ्यांवर ओढलेला, प्रत्येक कॅमेऱ्याकडे पाठ फिरवणारा. पुढच्याला वाटत असतं, आपण याला मोकळं करतोय. मागच्याच्या मनात एवढंच असतं, की हे कधी संपतंय. प्रेम दोघांचंही खरं असतं. राहून गेलेलं असतं ते आधी करायचं बोलणं.

मुखवटे घालून चाललेल्यांनीही ही वाट काढली

मागे राहणाऱ्याला कच्चा किंवा भित्रा समजू नका. या चळवळीचा इतिहास जरा आठवून बघा.

न्यूयॉर्कमध्ये २८ जून १९६९च्या पहाटे समलिंगी माणसं जिथे जमत त्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांची धाड पडली. लोकांनी प्रतिकार केला आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला तिथे पहिला मोर्चा निघाला. आपल्याकडे सुरुवात झाली कोलकात्यात. २ जुलै १९९९ रोजी जेमतेम पंधरा माणसं तिथे मैत्रीचा म्हणून निघालेल्या मोर्चात चालली. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानातून 'क्विअर आझादी'चा मोर्चा निघाला. १९४२ साली गांधीजींनी जिथून ब्रिटिशांना 'चले जाव' सांगितलं, तेच हे मैदान. पुण्यात समपथिक ट्रस्टच्या बिंदुमाधव खिरे यांच्या पुढाकारानं २०११ मध्ये पहिली पदयात्रा झाली. नागपुरात सारथी ट्रस्टनं २०१६ पासून ही प्रथा सुरू केली.

मुंबईचा तो पहिला मोर्चा निघाला तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ जसंच्या तसं लागू होतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी दिलासा दिला. सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ रोजी तो काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं निकाल दिला, की दोन प्रौढांनी संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७सारखं कलमच नाही.

२०१८च्या निकालाआधीच्या मोर्चांत मुखवटे घालून चालणारे पुष्कळ असत. घरी कळू नये, नोकरी जाऊ नये, गावात आईवडिलांना मान खाली घालावी लागू नये, म्हणून मुखवटा. पण पाय रस्त्यावरच होते आणि मोजदाद होते ती पायांची. आजही तुमचा जोडीदार चेहरा झाकून, कडेनं, अर्ध्या रस्त्यापुरता चालला, तरी तो चालला. त्याच्याकडून याहून जास्त मागायचा हक्क कोणालाही नाही, त्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम करणाऱ्यालाही नाही.

निघण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या

हे बोलणं मोर्चाच्या सकाळी घाईत करू नका. चार-आठ दिवस आधी, निवांत बसून करा.

पहिली गोष्ट, जायचं का? हा प्रश्न खरोखर प्रश्न म्हणूनच विचारा. "आपण जातोय ना?" असं विचारलं, की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. नातं नवं असतं, मन राखायची धडपड असते. म्हणून "तुला यावंसं वाटतं का? नाही म्हणालास तरी माझं काही बिघडणार नाही," असं स्पष्ट म्हणा आणि तसंच वागा. नकार ऐकून दोन दिवस गप्प बसणार असाल, तर तो प्रश्न नव्हताच.

दुसरी गोष्ट, ओळखीचं कोणी भेटलं तर मी तुझा कोण? तुमच्या मित्रांना 'माझा बॉयफ्रेंड' म्हणून ओळख करून देण्यात तुम्हाला आनंद असेल. पण तिसऱ्या भेटीतल्या माणसाला तो शब्द जड वाटू शकतो. 'मित्र', 'मैत्रीण', 'पार्टनर', की नुसतं नाव, हे त्यालाच ठरवू द्या. आणि त्याच्या ऑफिसमधला कोणी अचानक समोर आला तर काय करायचं, हेही ठरवा. तुम्ही बाजूला सरकायचं असेल तर तेही कबूल करा आणि नंतर त्याचा राग धरू नका.

पारलिंगी जोडीदाराच्या बाबतीत आणखी एक. मराठीत क्रियापदातूनच लिंग कळतं. 'तो आला' म्हणायचं, 'ती आली' की 'ते आले', हे आधी विचारून घ्या आणि चारचौघांत तेच वापरा. घरी वेगळं आणि मोर्चात वेगळं हवं असेल तर तेही लक्षात ठेवा. जुनं नाव चुकूनही तोंडी येऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट फोटोंची. ती मोठी आहे, तिच्याकडे वेगळं येतो.

चौथी गोष्ट, निघायचं कधी? मोर्चा संपेपर्यंत थांबलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. एखादी खूण ठरवा. हात दोनदा दाबला, की कारण न विचारता पुढच्या गल्लीतून बाहेर पडायचं. "अजून पाच मिनिटं थांब ना" हे वाक्य त्या दिवशी म्हणायचं नाही. बाहेर पडायची वाट मोकळी आहे हे माहीत असलं, की घाबरलेला माणूसही जास्त वेळ थांबतो.

मर्यादा म्हणजे बंदी नव्हे

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. हळू पावलाच्या माणसाला त्याच्यापुरतं ठरवायचा हक्क आहे. दुसऱ्याच्या आयुष्यावर त्याची सत्ता नाही. "मला जायचं नाही, म्हणून तूही जाऊ नकोस" हे मर्यादा सांगणं नव्हे, ती मनाई झाली. "साडी नेसून आलास तर मला लाज वाटेल" हेही तसंच. कोणी काय घालावं यावरून चळवळीतही वाद झाले आहेत. दोघांच्या नात्यात मात्र नियम सोपा ठेवा: माझा चेहरा, माझं नाव, माझं शरीर यांबद्दल मी ठरवणार आणि तुझ्याबद्दल तू.

दोघांचं जमतच नसेल तर मार्ग आहेत. एकानं मोर्चात चालावं, दुसऱ्यानं फुटपाथवरून बघावं. किंवा दोघांनीही मोर्चात राहावं, पण वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून, आपापल्या मित्रांबरोबर. नंतर दूरच्या एखाद्या इराण्याकडे भेटून चहा प्यावा. यात कमीपणा नाही. मोर्चाऐवजी आधी एखाद्या लहान कार्यक्रमानं सुरुवात करायची असेल तर तीही सोय आहे. मुंबईत २०१० पासून 'कशिश' हा चित्रपट महोत्सव भरतो. चित्रपटगृहाच्या अंधारात शेजारी बसून सिनेमा बघणं हीसुद्धा कित्येकांची पहिली पायरी असते. त्या पायरीवर कितीही वेळ थांबलं तरी चालतं.

फोटो

प्राइडमध्ये कोणाचं आयुष्य एका दिवसात उलटंपालटं झालं असेल, तर बहुतेक वेळा ते फोटोमुळे. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

मोर्चा सार्वजनिक रस्त्यावरून जातो. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार असतात, वाहिन्यांचे कॅमेरे असतात, आणि चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन असतो. यातलं काहीच तुम्हाला थांबवता येणार नाही. त्यामुळे ज्याच्या घरी सांगितलेलं नाही, त्यानं आपला फोटो निघणारच असं धरूनच तयारी करावी. मास्क, गॉगल, टोपी, चेहऱ्यावर रंग, जे सोयीचं असेल ते वापरा. पण माणूस फक्त चेहऱ्यानं ओळखू येत नाही. हातावरचा टॅटू, नेहमीची बॅग, कॉलेजचं नाव छापलेला टी-शर्ट, गळ्यात राहून गेलेलं ऑफिसचं ओळखपत्र, यांनीही ओळख पटते. घरून निघताना एकमेकांना नीट न्याहाळून घ्या.

मोर्चात जागा कुठली धरायची यालाही महत्त्व आहे. सगळ्यात पुढचा मोठा फलक, ढोल-ताशाजवळची जागा आणि मोर्चाच्या दोन्ही कडा, इथे कॅमेरे दाटलेले असतात. मधल्या गर्दीत ते कमी पोचतात. सुरुवातीला सगळे जमतात तेव्हा आणि शेवटी भाषणं होतात तेव्हा मुलाखती घेणारे फिरत असतात. ज्याला दिसायचं नाही त्यानं मोर्चा निघाल्यावर सामील व्हावं आणि संपण्याआधी बाहेर पडावं. कोणी माइक पुढे केला तर "मला बोलायचं नाही" एवढं पुरे. कारण द्यायची गरज नाही.

आता तुमच्या स्वतःच्या फोनबद्दल, कारण घात बाहेरच्या कॅमेऱ्यापेक्षा अनेकदा घरच्या फोननं होतो. प्रत्येक फोटोआधी विचारा आणि टाकायच्या आधी पुन्हा विचारा. काढायला मिळालेली परवानगी ही टाकायला मिळालेली परवानगी नसते. व्हॉट्सअॅपचं स्टेटस कोणकोण बघतं ते तपासा. त्यात मावशी असते, जुने शेजारी असतात, गावाकडची भावकी असते. फोटो आपोआप ज्या खात्यात साठतात, ते खातं घरच्या टॅबवर किंवा भावाच्या लॅपटॉपवर उघडं नाही ना, हे बघून घ्या. टॅग करू नका, ठिकाण टाकू नका. जोडीदाराचा चेहरा पुसट करून टाकलात, पण खाली त्याच्या खात्यावरून बदामाचं चिन्ह आलं, तर झाकलेलं काय राहिलं? पाठीमागे चालणाऱ्या अनोळखी माणसांचाही विचार करा. तेही कोणाचे तरी हळू पावलाचे जोडीदार असतात.

एवढं करूनही फोटो बाहेर गेलाच, तर पहिल्या तासात दोन कामं करा. ज्यानं टाकला त्याला शांतपणे काढायची विनंती करा. प्राइडमध्ये आलेले बहुतेक लोक लगेच ऐकतात. ऐकलं नाही तर त्या समाजमाध्यमाकडे तक्रार नोंदवा. आणि घरून फोन आला तर काय सांगायचं, हे दोघांनी आधीच ठरवलेलं असू द्या. "मित्राबरोबर बघायला गेलो होतो" हे उत्तर द्यावं लागलं, म्हणून आपल्या माणसाला खोटारडा म्हणू नका. घरी केव्हा आणि कसं सांगायचं, ती वेळ त्याची आहे.

हा नुसता शिष्टाचार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, तेव्हा लैंगिक कल हाही त्या खासगीपणाचाच भाग असल्याचं स्पष्ट म्हटलं. आणि धोका खरा आहे. पारलिंगी व्यक्तींना नोकरीत किंवा घर भाड्यानं घेताना भेदभाव सोसावा लागू नये, यासाठी २०१९चा कायदा आहे. पण समलिंगी माणसाला खासगी कंपनीनं त्याच कारणानं काढलं, किंवा घरमालकानं महिनाअखेरीला खोली सोडायला लावली, तर नेमकं बोट ठेवून दाखवावं असा स्वतंत्र कायदा आजही नाही. तुमच्यासाठी जी एक पोस्ट आहे, ती दुसऱ्यासाठी डोक्यावरचं छप्पर असू शकते.

तिथे भेटणारी माणसं

आपली दुनिया लहान आहे. प्राइडला जुने प्रियकर, जुन्या मैत्रिणी, ज्याच्याशी काही महिने बोलणं झालं आणि मग थांबलं असा कोणीतरी, हे सगळे भेटणारच. नव्या जोडीदाराला हे आधी सांगून ठेवा. तपशील नको, फक्त "तिथे अमुक असेल, आमचं पूर्वी होतं, आता मैत्री आहे" एवढं. तिथे गेल्यावर त्याला दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर उरलेला मोर्चा त्याच विचारात जातो.

तुम्ही जुने असाल आणि जोडीदार नवखा असेल, तर "थांब इथे, आलोच" म्हणून अर्धा तास गायब होऊ नका. तुम्हाला पन्नास माणसं ओळखतात, त्याला तुम्ही एकटेच. त्याची दोघाचौघांशी नीट ओळख करून द्या, म्हणजे तुम्ही बाजूला गेलात तरी तो एकटा पडणार नाही.

बायसेक्शुअल मुलीनं आपल्या मित्राला बरोबर आणलं, तर "तुम्ही इथे कशाला?" असं कोणी विचारू नये आणि विचारलंच तर तिनं ओशाळू नये. ती इथलीच आहे, कोणाहीपेक्षा कमी नाही. बरोबर आलेल्या मित्रानं मात्र पाहुण्यासारखं राहावं. ऐकावं, टाळ्या वाजवाव्यात, कोणाला पाणी हवं असेल तर आणून द्यावं.

तृतीयपंथी समाजातल्या माणसांशी मानानं वागा. बघण्यासारखा देखावा म्हणून त्यांच्याबरोबर सेल्फी काढू नका. मुखवटा घालून जगायची सोय ज्यांना कधीच नव्हती, अशी ही माणसं आहेत.

ओळख अगदी नवी असेल तर

अॅपवर ओळख होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर प्राइडसारखी दिवसाढवळ्याची, माणसांनी भरलेली जागा पहिल्या भेटीला चांगलीच. पण दोघंही अठरा वर्षं पूर्ण झालेले आहेत याची खात्री करा. एखाद्या मित्राला आपण कुठे, कोणाबरोबर आहोत ते सांगून ठेवा. मोर्चानंतर लगेच अनोळखी खोलीवर जायची घाई करू नका. फोटो किंवा चॅट घरी दाखवायची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्या आपल्या भीतीवरच जगतात. असं घडलं तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. धमकावून पैसे मागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८खाली गुन्हा आहे. तक्रार करणाऱ्याचं समलिंगी असणं हा गुन्हा नाही. पोलीस ठाण्यात एकटं जाववत नसेल तर संस्थांचे कार्यकर्ते बरोबर येतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करते आहे.

त्या दिवसाची तयारी

पुण्याची पदयात्रा अलीकडे जूनच्या सुरुवातीला असते. ऊन तापलेलं असतं आणि वळवाची सरही येऊ शकते. पाण्याची बाटली, टोपी, रुमाल आणि चालायला सोयीचे बूट हवेत. मुंबईची वेळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीची, त्यामुळे चालणं सुसह्य असतं. पण तारीख, वेळ आणि मार्ग दरवर्षी आयोजकांकडूनच खात्री करून घ्या. २०२० मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानाहून मोर्चाला परवानगी मिळाली नाही आणि लोक आझाद मैदानात जमले. असे बदल होतात.

मोर्चाबरोबर पोलीस असतात. नवख्याला त्यांची धास्ती वाटते. ते बंदोबस्तासाठी आहेत, हे आधीच सांगा. हातात हात घेऊन चालणं हा गुन्हा नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य केल्याचं कलम मात्र सगळ्यांनाच लागू असतं, हे ध्यानात ठेवा. काही अडचण आली तर स्वयंसेवकांकडे जा. फोनची बॅटरी संपली किंवा गर्दीत चुकामूक झाली तर भेटायची एक जागा ठरवून ठेवा. स्वच्छतागृह कुठे आहे हेही आधी बघा. पारलिंगी जोडीदारासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

लोकलनं किंवा बसनं परतणार असाल तर पिशवीत साधा शर्ट, ओला रुमाल आणि चेहरा पुसायला क्रीम ठेवा. मोर्चात हजार जणांत जे सुरक्षित वाटतं, ते रात्रीच्या डब्यात एकट्याला वाटेलच असं नाही. शक्य असेल तर एकमेकांना घराजवळच्या स्टेशनापर्यंत सोडा.

आणि त्या रात्री एक फोन नक्की करा. दिवसभर मोकळं राहून पुन्हा तेच घर, तीच गप्प जेवणाची ताटं, आईनं काढलेला स्थळाचा विषय, यांत अनेकांचं मन एकदम खचतं. "कसं वाटलं?" विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. आवडलं नाही असं उत्तर आलं तर समजावायला जाऊ नका. खचणं चार-आठ दिवस टिकलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी कोंडून ठेवलं किंवा मारहाण केली तर ११२. प्रौढ माणसाला घरात डांबायचा हक्क आईवडिलांनाही नाही.

घरच्यांना आणि फुटपाथवर थांबलेल्यांना

हा लेख एखादी आई वाचत असेल, वडील वाचत असतील, तर त्यांनाही चार शब्द.

पोरगं कुठे चाललंय हे तुम्हाला कदाचित कळलेलं असतं. तुम्ही विचारत नाही आणि ते सांगत नाही. दोन्हीकडे भीतीच असते. तुमच्याही पायांना वेळ लागेल आणि तो घ्या. हळू चाला, पण उलट फिरू नका. 'बरा करण्या'साठी डॉक्टरकडे किंवा बाबाकडे नेऊ नका. हा आजार नाही, असं भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंच २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. तुमच्यासारख्याच पालकांनी 'स्वीकार' नावाचा गट बांधला आहे. २०२३ मध्ये या गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी आपल्या मुलांच्या लग्नाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यातला प्रत्येकजण कधीतरी तुमच्याच जागी उभा होता.

हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं वाटत असेल, तर र. धों. कर्वे आठवा. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांची बाजू कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. म्हणजे हे प्रश्न मराठी माणसं तेव्हाही विचारत होती आणि त्यांना उत्तर मिळायला हवं असं मानणारे महाराष्ट्रात तेव्हाही होते.

आणि रस्त्यात मोर्चा दिसला म्हणून थांबलेल्यांनो, फोन वर करण्याआधी क्षणभर विचार करा. त्यात तुमच्या इमारतीतला मुलगा दिसला, तर तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. हात हलवा किंवा ओळख न दाखवता पुढे जा. त्यानं काय हवं ते नजरेनं सांगितलेलं असतं.

तरीही जा

इतकी काळजी करायची असेल तर जावंच कशाला, असं कोणी म्हणेल. जावं, कारण काम संपलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की अशा जोडीला बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. तेवढं मिळालं. पण वारसाहक्क आहे, मूल दत्तक घेणं आहे, नवरा-बायकोला लग्नाच्या दाखल्याबरोबर जे आपसूक मिळतं ते सगळं बाकी आहे. ते मिळवायला रस्त्यावर माणसं लागतात आणि जोडीनं चालणारी माणसं तर फारच लागतात. दोघांचा संसार खरा असतो, हे त्यांच्याकडे बघूनच कळतं.

पण ती माणसं स्वतःच्या मनानं आलेली हवीत. ओढून आणलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही आणि कधीकधी तुमच्या आयुष्यातूनही निघून जातो. ज्याचा हात धरून, ज्याच्या कलानं तुम्ही या वर्षी अर्धा रस्ता चाललात, त्याला तुमचा भरवसा कळलेला असतो. तो पुढच्या वर्षी पूर्ण रस्ता चालेल किंवा चालणार नाही. भरवसा दोन्हीकडे शाबूत राहील.

तेव्हा यंदा तुमच्या शहरातल्या प्राइडची तारीख कळली, की आधी जोडीदाराला विचारा, त्याचं उत्तर मनापासून माना आणि मग ठरवा. तो आला तर त्याच्या चालीनं चाला. नाही आला तर तुम्ही स्वतःसाठी जा, त्याच्यासाठीही घोषणा द्या, आणि तो आला नाही याचा हिशोब त्याच्याकडे कधीही मागू नका.